दप्तर, हुंडी आणि परवलीचा शब्द

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर ठरले. तोवरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सचिवालयाची दप्तरे, आणि दप्तरांबरोबर ती लिहिणारी माणसे, सातपुडा व नर्मदा ओलांडून भोपाळास आली. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. राजधानीच्या या स्थलांतराची हकीगत निघाली की बदल्यांचे हुकूम, घरांची टंचाई आणि नागपूरकरांची हळहळ यांविषयी बोलले जाते. त्याच दप्तरांतून शब्दांचेही एक स्थलांतर झाले, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. आज ज्यास डेटा, डिजिटल सुरक्षा आणि इलेक्ट्रॉनिक बँकव्यवहार म्हणतात, त्या क्षेत्रांतील परिभाषेचा गुंता उकलावयाचा तर त्याचे एक टोक या दप्तरांतच सापडते.

भोपाळ हे तसे कचेरीची भाषा बदलण्यास सरावलेले शहर. नवाबी दरबाराचे कागद आरंभी फारसीत लिहिले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिकंदर बेगमेने फारसी बाजूस सारून उर्दूस दरबारी भाषेचे स्थान दिले. त्या काळी तो निर्णय धाडसाचाच होता, कारण फारसी येणे हीच कारकुनांची उपजीविका होती. १९५६ नंतर उर्दूच्या जागी हिंदी आली. पण ही हिंदी भोपाळच्या गल्ल्यांत बोलली जाणारी हिंदी नव्हती. तिची परिभाषा नागपुरात घडली होती.

त्याचे कारण असे. जुन्या मध्य प्रदेशात हिंदी जिल्हे होते, तसे विदर्भाचे आठ मराठी जिल्हेही होते. १९५० च्या कायद्याने त्या राज्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांस राजभाषा मानले. एकच हुकूम जबलपूरच्या व अमरावतीच्या कचेरीत जावयाचा, तर दोन्हीकडे चालतील असे शब्द हवेत. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या कारकिर्दीत हे काम डॉ. रघुवीर यांच्याकडे आले. डॉ. रघुवीर मूळचे रावळपिंडीचे. फाळणीच्या सुमारास लाहोर सोडून त्यांनी आपली संस्था नागपुरास आणली होती. त्यांची पद्धत गणिती होती. संस्कृतातील वीस-बावीस उपसर्ग, पाचशेच्या आसपास धातू आणि ऐंशी प्रत्यय घेतले की त्यांच्या संयोगातून लागतील तितके शब्द घडविता येतात, असा त्यांचा सिद्धान्त. ‘विधि’ हा शब्द एकदा घेतला की विधान, विधेयक, वैध, अवैध ही सारी भावंडे आपोआप जन्मास येतात. इंग्रजीत मात्र त्याच कुळातील कल्पनांसाठी निरनिराळ्या मुळांचे शब्द पाठ करावे लागतात. युक्तिवाद बिनतोड होता. १९५५ मध्ये त्यांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षी ते राज्यच विभागले गेले. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, डॉ. रघुवीर यांची संस्था दिल्लीस गेली, आणि हिंदी व मराठीस मिळून घडविलेली परिभाषा एकट्या हिंदीच्या संसारासाठी भोपाळच्या वाट्यास आली.

डॉ. रघुवीर यांची थट्टा अतोनात झाली. लोकांनी गमतीदार शब्द स्वतः रचावे आणि त्यांच्या नावावर खपवावे, इतकी. पण मराठी माणसाने त्यांस हसण्यापूर्वी जरा थांबावे. १९६० मध्ये महाराष्ट्राचे भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये त्याचा ‘पदनाम कोश’ आला, तेव्हा त्यास ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविण्यात आले. आज त्यातील संचालक, आयुक्त, जिल्हाधिकारी हे शब्द खेड्यातील अडाणी मनुष्यही बिचकल्यावाचून वापरतो. उलट भोपाळात अद्याप ‘कलेक्टर’च आहे, कागदावरही आणि तोंडीही. नागपुराहून आलेले सगळेच शब्द तेथे रुजले असे नाही.

शब्द केव्हा रुजतो आणि केव्हा रुजत नाही, याचा एक जुना दाखला घरचाच आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. फारसी राज्यशब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा हा पद्यमय कोश दहा वर्गांत विभागला आहे. त्यांत लेखनवर्ग हा दप्तराच्या शब्दांचा आणि पण्यवर्ग हा व्यापाराचा. मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, वाकनवीस तो मंत्री झाला. पुढे पेशवाईत फडणीस, चिटणीस, पोतनीस ही फारसी शेपटांची पदे खुशाल नांदली, आणि ज्या पदाभोवती सारे राज्य फिरे ते ‘पेशवा’ हे नावही फारसीच राहिले. कोशातील संस्कृत शब्द मात्र मेले नाहीत, ते निजले. विसाव्या शतकात नवे राज्ययंत्र उभे राहिले तेव्हा सचिव, मंत्री आणि पंतप्रधान ताजेतवाने होऊन उठले. शब्दाच्या पाठीशी पद असले, पदाच्या पाठीशी सत्ता असली, की शब्दास फार समर्थन लागत नाही.

बाजाराची गोष्ट निराळी. तेथे सत्ता चालत नाही, पत चालते. दरबारात फारसी असो की संस्कृत, सराफाच्या पेढीवर हुंडीची भाषा आपल्या चालीने चालली होती. १७३७ च्या डिसेंबरात भोपाळाजवळ निजामास कोंडून बाजीरावाने ७ जानेवारी १७३८ च्या तहात माळव्याचा हक्क आणि पन्नास लक्ष रुपये मान्य करून घेतले, हे शाळेच्या पुस्तकात असते. पुढे माळव्याचा वसूल पुण्यास कसा पोचे, हे पुस्तकात नसते. नाण्यांच्या थैल्या घाटावरून, नदीपार आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांतून नेणे म्हणजे संकटास आमंत्रण. म्हणून रकमा बहुतांशी हुंडीने जात. कागद जाई, पैसा ज्या त्या पेढीत राही. आजच्या इलेक्ट्रॉनिक बँकव्यवहाराचे तत्त्व तरी याहून वेगळे काय आहे? तेथेही निरोपच प्रवास करतो.

निरोप प्रवास करू लागला की तीन शंका उभ्या राहतात : निरोप खरा कशावरून, वाटेत कोणी बदलला नाही कशावरून, आणि घेणारा मनुष्य तोच कशावरून. हुंडीच्या परिभाषेत या तिन्ही शंकांची उत्तरे होती. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि तेवढ्याने समाधान न होता तिची निम्मी रक्कम लिहून ‘तिची दुप्पट’ असेही नमूद करीत. शंभराच्या हुंडीत पन्नास आणि पन्नासाची दुप्पट आलीच पाहिजे. शंभराचे हजार करणाऱ्या लबाडास एक शून्य वाढवून भागत नसे. त्यास सारा हिशेबच पुन्हा जुळवावा लागे. आधार क्रमांकाच्या बारा आकड्यांतील शेवटचा आकडा हेच काम करतो. तो स्वतंत्र नसतो. मागील अकरा आकड्यांवरून, डच गणिती फरहुफ यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने काढलेला असतो, आणि एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोहोंची अदलाबदल झाली तर यंत्रास ते तत्काळ कळते. गणित अर्थातच फार पुढे गेले आहे. संशय तोच आहे.

घेणाऱ्याविषयीची खबरदारी तर नावातच असे. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्यास मिळत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत सर्वांस ठाऊक आहे अशा ‘शाहा’च्याच हाती द्यावयाचे, पुढे काही घोटाळा निघाला तर त्याने जबाबदारी घ्यावयाची. ग्राहकाची ओळख पटवून घेण्याचा जो नियम आज केवायसी या तीन अक्षरांनी ओळखला जातो, त्याचे बीज या एका जोडशब्दात आहे. दर्शनी हुंडी दाखविताच द्यावयाची, मुदती हुंडी मुदतीनंतर. मूळ हुंडी गहाळ झाली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झालेली हुंडी ती खोखा. एवढी काटेकोर परिभाषा कोणत्याही समितीने ठरविली नव्हती. ती वापरणाऱ्या प्रत्येकाचे पैसे तिच्यात अडकलेले होते, म्हणून ती काटेकोर होती, आणि म्हणूनच सर्वांस कळतही होती. मराठीत तिचा एक अवशेष अजून जिवंत आहे. ‘धनादेश’ हा शब्द नवा, घडविलेला; पण धनादेश ‘वटतो’, आणि हे वटणे सराफी बाजारातले आहे. नव्या संस्कृत नामास जुन्या बाजारी क्रियापदाने असा हात दिला.

केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग स्थापिला. डॉ. दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. आयोगाने मध्यम मार्ग धरला : रेडिओ, रडार, इलेक्ट्रॉन यांसारखे आंतरराष्ट्रीय शब्द तसेच घ्यावे, कल्पनावाचक शब्द संस्कृतातून घडवावे. संगणकशास्त्र आले तेव्हा या मार्गाची परीक्षा झाली. हिंदीत संगणकास ‘अभिकलित्र’ हा शब्द पुढे आला. तो कोशात राहिला आणि लोक ‘कंप्यूटर’ म्हणू लागले. मराठीत ‘संगणक’ मात्र निदान लेखी भाषेत पक्का बसला. डेटा या शब्दास मराठीत ‘विदा’ सुचविला गेला, तो नेटका आहे. तरी तो वाचून थबकणारे वाचक आजही पुष्कळ आहेत. भोपाळातच मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीने विद्यापीठीय हिंदी ग्रंथांसाठी दीर्घकाळ या परिभाषेचा पुरस्कार केला. त्याच भोपाळात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, आणि त्यांतील पारिभाषिक शब्द बहुतांशी इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेले, होते. डॉ. रघुवीर यांच्या मार्गाने निघालेली गाडी साठ-सत्तर वर्षांनी अशी उलट फिरली. कोणी यास पराभव म्हणतात, कोणी शहाणपण. विद्यार्थ्यापुरते ते शहाणपणच म्हणावे लागेल. परंतु विद्यार्थी तो शब्द शिकून घेणारच असतो. बँकेच्या खातेदारास तो शिकविणारा कोणी नसतो, ही अडचण त्या वादात कोणाच्या ध्यानी आली नाही.

कायद्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि कागदावरील सहीची प्रतिष्ठा डिजिटल सहीस मिळाली. अधिनियमाच्या हिंदी पाठात तिला ‘अंकीय चिह्नक’ म्हटले आहे. हस्ताक्षर का नव्हे? कारण ते हाताने केलेले नसते. मजकुराचा गणिताने काढलेला गोषवारा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बंद करतात. जुळ्या सार्वजनिक किल्लीने तो कोणासही पडताळता येतो, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम हलला तरी पडताळा फसतो. ‘चिह्नक’ हा शब्द म्हणून बरोबर आहे. तो इतका बरोबर आहे की भोपाळच्या लोकसेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला नेणारा मनुष्य आणि तो देणारा कर्मचारी, दोघेही ‘डिजिटल हस्ताक्षर’च म्हणतात.

मराठीत या कल्पनेसाठी उसनवारीची गरजच नव्हती. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तब उमटवीत. मर्यादा म्हणजे हद्द. त्यापुढे कोणी ओळ वाढविली तर ती उघडी पडे. शिक्का सांगे पत्र कोणाचे, मोर्तब सांगे ते कोठवर खरे. डिजिटल सही हीच दोन कामे करते. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहे, पण परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याकडे पाहिले नाही. तो अरबी-फारसी कुळातला, म्हणून शुद्धतेच्या पंक्तीस बसेना.

शब्दांच्या खाली अक्षरे असतात, आणि यंत्राच्या दृष्टीने अक्षरही एक ठरविलेला आकडाच. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ ठरले, ज्यास इस्की म्हणतात. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वरूपावर बेतलेली. हिंदीच्या सोयीने आखलेल्या या पटावर मराठीचे काही मोहरे अवघडून बसले. आचार्यांना वंदन करावयाचे आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे द्यावयाचे; या दोन शब्दांतला भेद मराठी मुलास कळतो, यंत्रास तो स्वतंत्र संकेताने शिकवावा लागला. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर ते अ आणि चंद्र जोडून लिहीत; डोळ्यास एकच दिसणारे अक्षर यंत्रास दोन तऱ्हेचे होते.

भोपाळच्या मराठी कुटुंबांस ही गोष्ट केवळ अभ्यासाची नाही. ळ हे अक्षर युनिकोडात आहे, पण हिंदी लेखनाच्या नेहमीच्या वर्णमालेत नाही. काळे यांचे नाव हिंदी कागदावर ‘काले’ होते. इंग्रजी पासबुकावर दोन्ही एकच. मग एक कागद नागपूरच्या शाळेचा, दुसरा भोपाळच्या समग्र नोंदणीचा, तिसरा बँकेचा, आणि तिन्ही जुळविणारे यंत्र. कारकून असता तर त्याने चष्मा सरसावून ‘एकच हो!’ म्हटले असते. यंत्रास ‘ळ’ आणि ‘ल’ हे दोन निरनिराळे आकडे आहेत. वडिलांच्या ठेवीवर मुलाचा हक्क सांगताना एवढ्याने प्रतिज्ञापत्राची पाळी येऊ शकते.

आता पैशाकडे वळावे. २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाली, २०१० मध्ये आयएमपीएस, आणि २०१६ मध्ये यूपीआय. ही नावे आद्याक्षरांचीच; त्यांचा विस्तार सांगू शकेल असा खातेदार विरळा. खात्यास नावे व जमा हे शब्द मराठीत केव्हापासूनचे आहेत, हिंदीत नामे आणि जमा. पण मोबाइलवर येणारा संदेश बहुधा ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ म्हणतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस ओळखीची जादा पायरी बंधनकारक केली, आणि तिच्या पोटी ओटीपी घरोघर पोचला. पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात, आणि तो उत्तम आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर शिपायाने अडविले की जो शब्द सांगितल्यावाचून छावणीत प्रवेश नाही, तो परवल. कोशकार त्याचा उगम युरोपीय पलटणींच्या ‘परोल’ या शब्दात दाखवितात. म्हणजे तोही परकाच. पण त्याच्याबरोबर त्याचा अर्थही छावणीतून घरी आला : हा शब्द दुसऱ्यास सांगावयाचा नसतो, सांगितला तर शत्रू आत येतो. ‘ओटीपी’ या तीन अक्षरांबरोबर तो अर्थ आला नाही. तो सहा आकड्यांचा एक क्रमांक म्हणून आला, आणि क्रमांक विचारला की सांगावा, ही तर सभ्य माणसाची सवय.

बाजारास ठाऊक असलेले शब्द संदेशात नाहीत, कोशातले शब्द कोणाच्या तोंडी नाहीत, आणि संदेशातले शब्द फारसे कोणास उमगलेले नाहीत. या मधल्या रिकाम्या जागेत भामट्यांनी आपली परिभाषा आणून बसविली. तिच्यातील सर्वांत यशस्वी शब्द ‘डिजिटल अरेस्ट’. दूरध्वनीवर कोणी स्वतःस पोलीस अधिकारी किंवा तपास यंत्रणेचा मनुष्य म्हणवितो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणून सांगतो, आणि कॅमेऱ्यासमोरून हलावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, अशी तंबी देतो. नुसते ‘अटक’ म्हटले असते तर ऐकणाऱ्याने विचारले असते, पोलीस कोठे आहेत, वॉरंट कोठे आहे? अटकेस ठाणे लागते, शिपाई लागतो. ‘डिजिटल’ हे विशेषण लावताच या साऱ्या गोष्टी अनावश्यक ठरल्या. सुशिक्षित माणसेही फसली, किंबहुना तीच अधिक. पैशाप्रमाणे परीक्षाही नाही म्हणता डिजिटल झाल्या, प्रमाणपत्रे झाली, सह्या झाल्या, तर अटक का होणार नाही?

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी नभोवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात अशी कोणतीही व्यवस्था कायद्यात नसल्याचे देशास सांगितले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका व्यावसायिक गृहस्थास अशाच रीतीने स्वतःच्या घरात काही तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवण्यात आले होते. खबर लागताच सायबर पोलीस प्रत्यक्ष घरी पोचले, आणि भामटे अजून पडद्यावर बोलत असतानाच त्यांनी त्या गृहस्थांची सुटका केली. पैसे जावयाचे वाचले. गणवेशातील खरे पोलीस दारात उभे राहिल्यावर पडद्यावरच्या पोलिसांनी संबंध तोडला.

तेव्हापासून सावधगिरीच्या सूचना सर्वत्र लागल्या आहेत. त्यांत त्या प्रकारास दुसरे नाव देता आलेले नाही. कायद्यात नसलेला तो शब्द सरकारी सूचनेतही जसाच्या तसा, फार तर अवतरणचिन्हांत, छापावा लागतो. त्याच्या खाली मदतीचा क्रमांक असतो, १९३०.